बाँडच्या मागे इटलीत गाडी घेऊन निघालायस तर आधी हे वाच

अरे सगळं एका आठवड्यात कोंबू नको, २००८ च्या बाँडपटात गार्डा तलावाच्या बोगद्यांतला पाठलाग संपतो ना संपतो तोच गाडी काराराच्या संगमरवराच्या खाणीत पोचते, खरं अंतर दोनशे किमीच्या वर आहे आणि गार्डाकाठचा रस्ता एवढा अरुंद की समोरून बस आली की आपण आपोआप पोट आत घेतो. गाडी छोटीच घे. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट इथूनच काढून ने.

कोमो तलावाकाठच्या लेन्नो गावात गाडी लावून व्हिला बाल्बियानेल्लोला चालत किंवा बोटीने जा, २००६ च्या पिक्चरमध्ये बाँड बरा होत बसलेला ती बाग, फक्त रोज उघडी नसते.

वेळ कमी असेल तर सरळ दक्षिणेला माटेरा धर (माझं मत विचारशील तर तेच बेस्ट). २०२१ च्या 'नो टाइम टू डाय'मध्ये बाँड पुलावरून उडी मारतो ना, तो पूल माटेरात नाहीच, जवळच्या ग्राविना गावात आहे, लोक माटेरात शोधत बसतात.

आणि जुन्या गावात शिरताना लाल गोलाची झेडटीएलची (म्हणजे परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही अशा भागाची) पाटी बघ, मी एकदा गूगल मॅपच्या नादात आत घुसलो, दंड काही महिन्यांनी थेट पुण्याच्या पत्त्यावर.