३१२ फायली आणि एक चिठ्ठी

"मॅडम, मदत मागितली की आपल्याला झेपत नाहीये हे सगळ्यांना कळतं ना?"

मी विद्यापीठात समुपदेशक आहे. नव्याने आलेली मुलं हा प्रश्न मला वर्षातून कितीतरी वेळा विचारतात. बहुतेकदा दुसऱ्या सत्रात, पहिला निकाल हातात पडल्यावर. इथे ज्याच्याबद्दल लिहितेय तो समाजशास्त्राचा विद्यार्थी. त्याची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरातून विद्यापीठापर्यंत पोचलेला तो पहिलाच. संख्याशास्त्राचा पेपर राहिला होता आणि रात्रीची झोप उडाली होती.

अभ्यासाचं साहित्य मिळत नाही का, असं विचारल्यावर त्याने मोबाइल पुढे केला. 'स्टॅट्स' नावाच्या फोल्डरमध्ये ३१२ फायली. सीनियर मुलांच्या नोट्स, व्याख्यानांचे व्हिडिओ, जुन्या प्रश्नपत्रिका, एकच पुस्तक तीन वेगवेगळ्या नावांनी. "यातलं काय वाचलंस?" तो बराच वेळ स्क्रीनवर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "रात्री भीती वाटली की मी अजून एक डाउनलोड करतो."

हे वाक्य मी तसंच वहीत उतरवून घेतलं. फाइल उतरवली की काहीतरी केल्यासारखं वाटतं, तेवढ्यापुरता जीव शांत होतो. सकाळी ढीग आणखी वाढलेला असतो आणि भीती जिथल्या तिथे. अशा मुलाच्या हाती मी आणखी दहा संकेतस्थळांची यादी दिली असती, तर त्या ३१२ मध्ये भरच पडली असती.

"सरांना भेटलास?"

"त्यांच्या दारावर बुधवार, ३ ते ४ असं लिहिलंय. पण ती त्यांची ऑफिसच्या कामाची वेळ आहे ना? मध्येच कसं जायचं?"

माझ्या पोटात तुटलं. ती वेळ विद्यार्थ्यांसाठीच राखून ठेवलेली असते, तेव्हा शंका घेऊन जायचं असतं, हे त्याला वर्षभरात कुणी सांगितलंच नव्हतं. घरात आधी कुणी विद्यापीठात शिकलेलं असेल तर असल्या गोष्टी बोलता बोलता कानावर पडतात. याच्याकडे फक्त दारावरची पाटी होती.

मी त्याला एक कोरी चिठ्ठी दिली आणि सरांना काय विचारशील ते लिही म्हटलं. त्याने लिहिलं, 'स्टॅट्स समजत नाही.' मी म्हटलं, याचं उत्तर कुणाला देता येईल? कुठपर्यंत समजतं आणि कुठे अडतं, तिथे बोट ठेव. त्याने सॅकमधून उत्तरपत्रिकेची प्रत काढली. अर्ध्या तासाने, दोनदा खोडून, चिठ्ठीवर हे उतरलं: 'पी-व्हॅल्यू ०.०३ आली. मी लिहिलं, माझं गृहीतक खरं असण्याची शक्यता ९७ टक्के. याला शून्य गुण का?'

बुधवारी तो गेला. पुढच्या भेटीत त्याने मलाच नाण्याचं उदाहरण समजावलं. नाणं निर्दोष आहे असं धरलं, तर १० पैकी ९ किंवा १० वेळा छापा पडण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे साधारण १ टक्का. पी-व्हॅल्यू एवढंच सांगते, की नाणं निर्दोष मानलं तर इतकं एकतर्फी काही दिसणं किती दुर्मीळ. नाणं खोटं असण्याची शक्यता ९९ टक्के, असं ती सांगत नाही. "आणि मॅडम, सर म्हणाले ही चूक जवळजवळ सगळेच करतात." हे सांगताना त्याचे खांदे सैल झालेले मी पाहिले.

सगळीकडे असंच झालं नाही. एका अभ्यासगटात त्याला "हे तर शाळेतच झालंय" असं ऐकावं लागलं आणि पुढचे आठ दिवस तो कुठेच गेला नाही. असं होतं. एखादं दार चुकीचं निघतं, आणि ते मनाला लागतंही. तेव्हा तीच चिठ्ठी घेऊन दुसऱ्या दारी जायचं.

त्याच्यासाठी ते दुसरं दार ग्रंथालयाचं ठरलं. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा. संदर्भ विभागात बसणारी माणसं नेमकी त्यासाठी असतात, पण मुलं त्यांच्यासमोरून मान खाली घालून निघून जातात. हा एका लेखासाठी स्वतःचे पैसे भरणार होता. तिथल्या बाईंनी लेखांच्या खुल्या प्रती शोधून देणारं अनपेवॉल हे मोफत साधन वापरून त्याच लेखाची लेखकाने खुली ठेवलेली प्रत काढून दिली. तशी प्रत नसती तर दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवता येते, किंवा लेखकाला सरळ ईमेल करता येतो. अनेक लेखक आनंदाने पाठवतात. संख्याशास्त्राच्या पायासाठी त्यांनी मोफत पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या ओपनस्टॅक्सचं एकच पुस्तक सुचवलं. एकच, हे महत्त्वाचं.

आता सुरुवातीचा प्रश्न, मदत मागितली की सगळ्यांना कळतं का. शिक्षकांकडे शंका घेऊन जाणं ही त्यांच्यासाठी रोजची गोष्ट असते. समुपदेशकाकडे बोललेलं विभागाला सांगितलं जात नाही. जिवाला धोका असेल किंवा कायद्याने बंधन असेल तेव्हाच अपवाद होतो. तरी नियम जागोजागी थोडे वेगळे असतात, म्हणून पहिल्याच भेटीत "माझं बोलणं कुणापर्यंत जाईल?" असं विचारावं. मला हा प्रश्न कुणी विचारला तर मी खुर्ची जवळ ओढून सविस्तर उत्तर देते.

पुढच्या सत्रात त्याचा पेपर सुटला. झोप अजून पूर्ण सुधारलेली नाही, म्हणून आम्ही भेटतोय. ते फोल्डर त्याने पुसलेलं नाही, मीही आग्रह धरला नाही. परवा त्याने मोबाइल दाखवला तेव्हा सगळ्यात वर एक नवी फाइल होती. नाव होतं 'बुधवारी विचारायचं', आणि आत दीड ओळ.