पाणी-प्रश्न : आरओचं मेम्ब्रेन दर चार महिन्यांनी का जातं?

प्रश्न : आम्ही दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात राहतो. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) लिटरला १८०० मिलिग्रॅम, जडपणा ६५० आहे. घरच्या आरओ मशीनमधून वेस्टचं, म्हणजे बाहेर टाकलेलं खारं पाणी फार जातं म्हणून मेकॅनिकने ती नळी आवळून दिली. आता दर चार महिन्यांनी मेम्ब्रेन, म्हणजे आतली क्षार गाळणारी जाळी, बदलावं लागतं. त्यापेक्षा पाणी उकळून प्यावं का?

उत्तर : उकळल्याने जंतू मरतात, खार जात नाही. थोडा जडपणा पातेल्याच्या तळाला पांढरा थर होऊन बसतो. मीठ तसंच राहतं आणि पाणी आटलं की आणखी दाटतं.

तुमचं मेम्ब्रेन मारलं ते त्या आवळलेल्या नळीने. गोडं पाणी पुढे गेलं की क्षार मागे साचतात, ते वाहून न्यायला वेस्टची धार लागते. चार लिटर आत गेलं तर एक गोडं, तीन बाहेर, हे प्रमाण ठेवा. दोन्ही नळ्यांखाली भांडी धरून पाच मिनिटांचं पाणी मोजून पाहा. जुन्या मेम्ब्रेनचं टोक खरखरीत लागतंय का? त्यावर लिंबू पिळा. फसफसलं तर चुना. लिटरला २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून अर्धा तास भिजवलं तर बराच सुटतो. फसफसलं नाही तर जिप्समही असू शकतं, ते ॲसिडला दाद देत नाही.

६५० जडपणाला आरओच्या आधी पाणी मऊ करणारा छोटा सॉफ्टनर हवाच. त्यातलं दहा लिटर रेझिन (जडपणा धरून ठेवणारे बारीक मणी) साधारण ७०० लिटर पाणी मऊ करतं. मग दीड किलो मीठ १५ लिटर पाण्यात विरघळवून रेझिनमधून सावकाश सोडायचं आणि खारट चव जाईपर्यंत धुवायचं. सॉफ्टनरने टीडीएस उतरत नाही, कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं. म्हणून नुसतं सॉफ्टनरचं पाणी पिऊ नका, रक्तदाब असणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

चवीसाठी कच्चं पाणी मिसळणारा टीडीएस कंट्रोलर पूर्ण बंद ठेवा. नायट्रेट किंवा फ्लोराइड असेल तर ते त्याच वाटेने पेल्यात येतं, आणि खिशातल्या मीटरला ते वेगळं कळत नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. तेवढी तपासणी प्रयोगशाळेतूनच करून घ्या.

प्रश्न : वेस्टचं पाणी परसातल्या झाडांना चालेल?

उत्तर : नाही. एक गोडं, तीन बाहेर या प्रमाणाने त्याचा टीडीएस २३०० च्या वर जातो, आणि सॉफ्टनर लावल्यावर त्यात बहुतेक सोडियमच उरतं. काळी माती त्याने आवळते, पाणी मुरेनासं होतं. संडासाला, फरशीला वापरा. बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडू नका.