गच्चीवरच्या फेऱ्या आणि बागेतला बाक

प्रश्न : मी ६३ वर्षांची आहे. मुलगा म्हणतो, 'रस्ता ओलांडून बागेत कशाला जातेस? गच्चीवरच फेऱ्या मार.' डॉक्टर, खरंच काही फरक पडतो का? (कोथरूड)

उत्तर : नुसती पावलं मोजायची, तर मुलाचं बरोबर आहे. आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम व्हावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि तो गच्चीवरही होतो. पण बागेत त्यापलीकडचं बरंच मिळतं. रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून १९८४ साली निष्कर्ष मांडले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली.

दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. बागेत नेमानं येणाऱ्या बायकांचा एक बाक ठरलेला असतो. कुणाचा गुडघा धरलाय, कुणाची सून बाळंतपणाला माहेरी गेलीय, मेथी कुठे चांगली मिळते, सगळं तिथे कळतं. तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत तर तिसऱ्या दिवशी फोन येतो. साठीनंतरच्या एकटेपणावर माझ्याकडे याहून चांगलं औषध नाही. तेव्हा फेऱ्या झाल्या की लगेच घराकडे वळू नका, थोडं बसा. रस्त्याबद्दल मुलाची काळजी मात्र रास्त आहे. उजाडल्यावर निघा आणि सिग्नलवरच ओलांडा.

प्रश्न : आठवडाभर ऑफिस, बाग फक्त रविवारी. एका दिवसानं काय साधणार? (हिंजवडी)

उत्तर : साधतं. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून किमान दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये तब्येत ठणठणीत आणि मन समाधानी असल्याचं सांगणारे जास्त होते. ते दोन तास एकदम घालवले की तुकड्यातुकड्यांनी, यानं फरक दिसला नाही. बागेमुळेच तब्येत सुधारली, हे यातून सिद्ध होत नाही. पण रविवार वाया जातो असं समजू नका.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची, चष्मा नुकताच लागलाय. बागेत नेलं तरी 'बोअर होतंय' म्हणून मोबाइल मागते. (ठाणे)

उत्तर : लागलेला नंबर बागेनं उतरत नाही, त्यामुळे नेत्रतज्ज्ञांची तपासणी चुकवू नका. पण रोज दोनेक तास बाहेरच्या उजेडात घालवणाऱ्या मुलांना लांबचं अंधुक दिसण्याचा दोष जडण्याची शक्यता कमी असते. धाकटं भावंड असेल तर त्यालाही न्या. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो.

मोबाइलचं म्हणाल, तर आधी तुमचा पर्समध्ये टाका. मे महिन्यात तिला गुलमोहराखाली बसवा. पडलेल्या फुलाची पाकळ्यांखालची हिरवट टरफलं सोडवून नखांवर चिकटवायची. दोघींनी एकेक पुंकेसर घ्यायचा, डोक्यात डोकं अडकवून ओढायचं. ज्याचं डोकं तुटलं तो हरला. तुम्ही स्वतः हा खेळ खेळला असाल, तो तिला दाखवणं तुमचंच काम आहे. एखाद्या सुट्टीत भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाऊन गोरखचिंचेचा अवाढव्य बुंधा दाखवा. बुधवारी मात्र ती बाग सहसा बंद असते.

प्रश्न : मी चार घरची कामं करते. दुपारी तासभर मोकळा मिळतो, पण जवळच्या बागेला तेव्हा कुलूप असतं. मग बसस्टॉपवर डबा खाते. (पुणे)

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न या सगळ्यांत मला महत्त्वाचा वाटला. सकाळ-संध्याकाळ उघडी आणि भर दुपारी बंद, ही वेळ फिरायला येणाऱ्यांच्या सोयीनं ठरलेली आहे. उन्हात काम करणाऱ्यांना, डिलिव्हरीच्या मुलांना, तुम्हाला सावली, नळ आणि स्वच्छतागृह हवं असतं ते नेमकं तेव्हाच. बाग सगळ्यांच्या करातून चालते. तुम्ही साबण घेता त्यावरही कर असतोच. बंगळुरूत २०२४ साली बागा पहाटे ५ ते रात्री १० उघड्या ठेवायचं ठरलं, मग आपल्याकडेही मागायला काय हरकत आहे? महापालिकेच्या उद्यान विभागाच्या नावानं साधा अर्ज लिहा, बरोबरच्या बायकांच्या सह्या घ्या. ज्यांच्याकडे काम करता त्यांनाही सही मागा, त्यांनी ती द्यायलाच हवी. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय निघू नका.