पाहणीला जाताय? आधी इमारत पायी फिरा

कामाच्या ठिकाणी आहार आणि व्यायामाला किती आधार मिळतो, हे पाहायला पहिल्यांदाच जाताय, तर धोरणाची फाइल मागण्याआधी सगळी इमारत पायी फिरा. कागदावर कर्मचाऱ्यांच्या आरोग्याबद्दल छान लिहिलेलं असतं आणि जिन्याच्या दारात खोकी रचलेली असतात. जिना सहज सापडतो का, उजेड आहे का, दार उघडं असतं का, हे स्वतः पाहा. पिण्याचं पाणी किती लांब आहे, तेही.

कॅन्टीनचा नुसता मेनू वाचू नका. ऐन गर्दीत जा आणि सुट्टी संपता संपता पुन्हा जा. फळं-भाज्या तोवर उरतात का ते कळेल. वेंडिंग मशीनचे कप्पे मोजा: गोड पेयं किती, साधं पाणी किती, आणि स्वस्त काय. लोक काय उचलतात ते बरंचसं किमतीवर ठरतं.

रात्रपाळी मात्र चुकवू नका. माझ्या मते खरी परीक्षा तिथेच होते. कॅन्टीन रात्री बंद असेल, तर त्या लोकांना फक्त मशीनचाच आधार. जिमचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल करावी. पण जेवायलाच धड वेळ मिळत नसेल, तर जिममध्ये जाणार कोण? म्हणून सफाई कामगार, सुरक्षारक्षक, कंत्राटी माणसं यांच्याशी साहेब जवळ नसताना बोला. या सोयी त्यांनाही खुल्या आहेत का, ते विचारा, आणि उत्तरं त्याच दिवशी लिहून काढा.