‘मॅडम, कुठलं एमपीएच घेऊ?’ आणि एक लॉगबुक

एप्रिल-मे आला की माझ्याकडे हा प्रश्न येतोच. "मॅडम, दोन-तीन ठिकाणी एमपीएचचं जमतंय, कुठलं घेऊ?" एमपीएच म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स डिग्री. विचारणारे बहुतेक बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, बीएस्सी नर्सिंगवाले, मधूनच एखादा एमएसडब्ल्यू. आणि त्याच्यामागे एक प्रश्न दडलेला असतो, तो साधारण अर्ध्या तासाने चहा आल्यावर बाहेर येतो, की आधी शिकलो ते पाण्यात गेलं का?

दोनेक वर्षांपूर्वी आलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते, तिला विचारूनच लिहितेय. नाव नको, लातूरकडची म्हणू. बीडीएस, म्हणजे दातांची डॉक्टर झालेली, इंटर्नशिप संपून वर्ष झालेलं, तेवढं वर्ष एका खाजगी क्लिनिकमध्ये असिस्टंट म्हणून काढलेलं, तिथला पगार सांगताना ती हसली आणि मी पण हसले, कारण रडून काय करणार. सोबत वडील, जिल्हा परिषद शाळेतून रिटायर झालेले शिक्षक. बसल्या बसल्या त्यांनी पहिलंच विचारलं, "मॅडम, लेकराच्या नावापुढचं डॉक्टर जातंय का राहतंय तेवढं आधी सांगा." म्हटलं सर, राहतंय, बीडीएसची डिग्री आणि रजिस्ट्रेशन कोणी काढून घेत नाही. मग म्हणाले, गल्लीत सगळे विचारतात पोरगी एमपीएससी करते का. एमपीएच आणि एमपीएससी यातला फरक सांगून सांगून ते कंटाळले होते, शेवटी शेवटी "हो, तसंच काहीतरी" म्हणायला लागले होते.

तिच्यापुढे तीन गोष्टी होत्या. अमेरिकेतल्या एका मोठ्या नावाच्या युनिव्हर्सिटीचं अॅडमिशन लेटर, दोन वर्षांचं एमपीएच, डिपॉझिट भरायला दहा दिवस उरलेले. दुसरं मुंबईत देवनारच्या टिसचं, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचं, सोशल एपिडेमिऑलॉजीतलं (रोग कोणाला, कुठं, का होतात ते समाजाच्या अंगानं मोजायचं शास्त्र) एमपीएच, त्याचा इंटरव्ह्यू झाला होता, निकाल यायचा होता. तिसरं त्रिवेंद्रमचं अच्युत मेनन सेंटर, श्रीचित्रा इन्स्टिट्यूटमधलं, तिकडचा फॉर्म भरावा का नको यात अडकलेली. घरात मतं वाटली गेली होती. मामा म्हणे अमेरिका, आई म्हणे मुंबई कारण मावशी चेंबूरला, त्रिवेंद्रमच्या बाजूने कोणीच नाही, तिथं भाषा कुठली बोलतात इथपासून सुरुवात.

मी तिला विचारलं, एमपीएचच का? तर तिनं ते पाठ केलेलं सांगितलं, समाजासाठी काहीतरी करायचंय, प्रिव्हेन्शन इज बेटर वगैरे, अर्जासोबतच्या एसओपीत लिहितात तसलं. मी थांबवलं. म्हटलं, इंटर्नशिपमधला एक दिवस सांग, जो डोक्यातून जात नाही.

जरा वेळ गप्प बसली आणि मग कॅम्पचं बोलायला लागली. त्यांच्या कॉलेजची गाडी आसपासच्या गावांत जायची, शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून तोंडं तपासायची. पोरांना सांगायचे, आ कर, आणि आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घाल. साधारण माणसाची जातात. तिथं वीस-बावीस वर्षांचे पोरगे यायचे, दोन बोटंही जेमतेम, एकाचं तर एक. सुपारी, गुटखा, खर्रा, सगळं चालू, गालाची कातडी आतून पांढरी आणि कडक. महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 ची आहे बरं का, आणि शाळेच्या गेटसमोरच्या टपरीवर पुड्यांची माळ लटकलेली. ती म्हणाली, "आम्ही बोटं मोजायचो, रजिस्टरमध्ये लिहायचो, जेवण करून परत यायचो. ते रजिस्टर पुढे कुठं जातं ते मी सरांना विचारलं तर ते म्हणाले कपाटात."

तिला एमपीएच का करायचंय ते मला त्या कपाटापाशी कळलं, तिला अजून कळलं नव्हतं.

आता जरा बाजूला जाऊन एक गोष्ट स्पष्ट करते, कारण यात लोक फार फसतात. एमपीएच ही एकच डिग्री असं समजून तुलना केली की घोटाळा होतो. एका ठिकाणचं एमपीएच म्हणजे जवळजवळ स्टॅटिस्टिक्स, दुसरीकडे हेल्थ पॉलिसी आणि फायनान्स, तिसरीकडे हॉस्पिटल मॅनेजमेंटची धाकटी बहीण. एकट्या टिसमध्येच सोशल एपिडेमिऑलॉजी वेगळं आणि हेल्थ पॉलिसी, इकॉनॉमिक्स अँड फायनान्स वेगळं, बिल्डिंग तीच आणि बाहेर पडून करायचं काम पार वेगळं. अच्युत मेनन सेंटरचं एमपीएच 1997 पासून चालू आहे, भारतातल्या अगदी सुरुवातीच्या एमपीएचपैकी. चेन्नईला आयसीएमआरच्या एपिडेमिऑलॉजी इन्स्टिट्यूटचं आहे, कोलकात्याची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ तर 1932 ची, गांधीनगर-हैदराबादला आयआयपीएच, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ, आहेत, आपल्या पुणे विद्यापीठातही आहे. आणि बीडीएसवाल्यांना मी नेहमी विचारते की पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्रीतलं एमडीएस बघितलंस का, नीट एमडीएसमधून, तीन वर्षांचं, डेंटल कॉलेजात शिकवायचं असेल तर तो रस्ता. तिला शिकवायचं नव्हतं, मग तो विषय तिथंच संपला.

नोकरीचं पण आधीच सांगते, गोड बोलून उपयोग नाही. एमपीएच झालं म्हणून सरकारात पर्मनंट पोस्ट वाट बघत बसलेली नसते. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात पब्लिक हेल्थचं वेगळं केडर, म्हणजे त्या कामाची स्वतंत्र सरकारी सेवा, करा असं लिहिलंय, तमिळनाडूत ती व्यवस्था खूप जुनी आहे, पण आपल्याकडे बऱ्याच जागा एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियान), अकरा महिन्यांच्या कंत्राटावर, दरवर्षी मार्च आला की पोटात गोळा. बाकी मग एनजीओ, रिसर्च प्रोजेक्ट, कन्सल्टन्सी, तिथेही प्रोजेक्ट संपलं की पुढचं शोधा. आणि एमबीबीएसवाल्यांनी हे लक्षात ठेवायचं की मेडिकल कॉलेजात पीएसएमचं, म्हणजे सामुदायिक वैद्यकशास्त्राचं, प्राध्यापक व्हायचं तर एमडी लागतं, त्या जागी एमपीएच चालत नाही. हे ऐकून दर चार-पाच जणांतला एक उठून जातो, आणि मला वाटतं ते बरंच आहे.

तर परत तिच्याकडे. तिला मी होमवर्क दिलं. तुझी इंटर्नशिपची लॉगबुक आहे ना, त्यात पेशंटची नावं नाहीत, वय, व्यसन आणि तोंड किती उघडतं एवढंच आहे, तर ते एक्सेलमध्ये घाल आणि मला एवढंच काढून दे की पंचविशीच्या आतल्या किती जणांचं तोंड तीन बोटांपेक्षा कमी उघडत होतं. मैत्रिणीची लॉगबुक मिळाली तर ती पण घे.

चार दिवसांनी फोन आला, रात्री साडेदहाला, आणि बाई भडकलेल्या. "मॅडम, हे निघतच नाही! मी बोटांत लिहिलंय, तिनं मिलिमीटरमध्ये लिहिलंय, आणि माझी बोटं बारीक, कॅम्पमधला तो दुसरा इंटर्न सहा फुटी, त्याची तीन बोटं म्हणजे माझी चार. एका पानावर वयाच्या रकान्यात नुसत्या खाली खाली रेघा मारल्यात, सगळं गाव बावीस वर्षांचं आहे का? आम्ही सहा महिने काय मोजत होतो?"

मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, लागलं. कारण हेच काम कंटाळवाणं वाटून ‘मॅडम एक्सेल बिक्सेल माझ्याच्यानं होत नाही’ म्हणणारे मी खूप बघितलेत, त्यांनी एपिडेमिऑलॉजी घेऊ नये, त्यांच्यासाठी हेल्थ कम्युनिकेशन आहे, प्रोग्रॅम मॅनेजमेंट आहे, ती कामं काही कमी नाहीत. पण हिला रात्री साडेदहाला मोजमापाचा राग येत होता.

तिला गणिताची भीती होतीच, बारावीला बायो घेऊन गणित सोडलेलं. म्हटलं, बायोस्टॅट्सला कॅल्क्युलस घेऊन कोणी मागे लागत नाही, आणि आता तू जे म्हणालीस ना की दोघांची बोटं वेगळी, त्यालाच ते लोक मेजरमेंट एरर म्हणतात.

मग अमेरिकेचं लेटर उघडलं. मी विचारलं, कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे त्यातला खास विषय, काय आहे? तर जनरल. आय-20 वर सीआयपी कोड कुठला येणार? माहीत नाही. आय-20 म्हणजे व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो कागद, आणि सीआयपी म्हणजे कोर्सच्या विषयाचा सरकारी नंबर. आता हे बारीक वाटतं पण यावरच सगळं फिरतं. तिकडे डिग्रीनंतर काम करायला ओपीटी नावाची परवानगी एक वर्षाची मिळते, आणि कोर्सचा कोड स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत असला तर वर आणखी चोवीस महिने. एपिडेमिऑलॉजी, बायोस्टॅटिस्टिक्स यांचे कोड त्या यादीत आहेत, साधं जनरल पब्लिक हेल्थ नाही. म्हणजे एकाच युनिव्हर्सिटीत शेजारी बसलेल्या दोन एमपीएचवाल्यांपैकी एकाला तीन वर्षं, दुसऱ्याला एक. तिनं मेल टाकला, दोन दिवसांत उत्तर आलं, तुमचा प्रोग्रॅम स्टेम नाही.

लोन पन्नास लाखांचं काढायचं होतं, घर तारण ठेवून. मी वडिलांसमोर कॅल्क्युलेटर ठेवला, अकरा टक्के, दहा वर्षं, हप्ता येतो एकोणसत्तर हजारांच्या आसपास, आणि शिकतानाच्या दोन वर्षांचं व्याज त्याच्या वर वेगळं. सर बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "माझी पेन्शन याच्या निम्मी आहे."

इथं माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा आला होता, बीएएमएस, आणि मी त्याला नाव बघून जा म्हणाले होते, मोठं नाव आहे, पुढे उपयोग होईल. तो गेला, जनरलच केलं, वर्षभरात परत आला, आणि इथं ज्या पगारावर लागला त्यात हप्ता भरून घरभाडं उरत नव्हतं. त्याचा मला अजून दिवाळीला मेसेज येतो, तो काही बोलत नाही, पण मला आठवतं. तेव्हापासून मी कोडचं आधी विचारते.

मामांचं म्हणणं होतं की गावात आरोग्याचं काम उभं करणारे आरोळे, बंग सगळे अमेरिकेतच शिकले ना. शिकले, जॉन्स हॉपकिन्सलाच. पण डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काही वर्षं काढून मग गेले, आणि परत येऊन 1970 ला जामखेडचा आरोग्य प्रकल्प उभा केला. अभय आणि राणी बंग वर्धा भागात खेड्यात काम करून 1984 ला तिथं एमपीएच झाले, मग गडचिरोली. गावात काय अडतंय ते बघून झाल्यावर ते तिकडे शिकायला गेले होते. हे मी मामांना फोनवर सांगितलं, ते "बघा बुवा" म्हणाले, म्हणजे पटलं नाही.

मग तिला दोन कामं सांगितली. एक, त्रिवेंद्रमच्या मुलांचे जुने डेझर्टेशन त्यांच्या ऑनलाइन रिपॉझिटरीत वाचायला मिळतात, त्यातले पाच-सहा चाळ, आणि निष्कर्ष सोडून मेथड्सचं प्रकरण वाच, कारण दोन वर्षांत हातानं काय करायला मिळतं ते तिथं दिसतं. दुसरं, दोन्हीकडच्या पास झालेल्यांना लिंक्डइनवर गाठ आणि ‘कॉलेज कसं आहे’ असं अजिबात विचारू नको, सगळे छानच म्हणतात. विचार, गेल्या मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय केलंत?

मंगळवारची उत्तरं मजेशीर आली. एकजण दिवसभर आशाताईंना फोन करत होता कारण पोर्टलवर एका उपकेंद्रात बायकांपेक्षा बाळंतपणं जास्त दिसत होती. एकीनं तीन मीटिंगा केल्या आणि एक पीपीटी. एक स्टाटा या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये कोड लिहीत बसली होती आणि दुपारी झोप आली म्हणाली. तिला पहिला आणि तिसरा मंगळवार आवडला, मधला नाही.

तिनं मग अमेरिकेला ‘नाही’ असं कळवलं, मी सुचवलं म्हणून डिफरचं, म्हणजे प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलायचं, विचारून बघितलं, ते जमलं नाही. यादीत त्रिवेंद्रम पहिलं लावलं, टिस दुसरं, दोन्हीचा खर्च तिकडच्या एका सेमिस्टरएवढाही नव्हता. टिसचं आलं, आणि ती देवनारला गेली, त्रिवेंद्रमची हुरहुर घेऊनच. आई खूश, चेंबूर जवळ. पहिल्या सेमिस्टरला रडत फोन यायचे, वर्गात सगळे फाडफाड इंग्रजीत थिअरी बोलतात आणि मला दातांशिवाय काही येत नाही. मी म्हणायचे, दातांचंच बोल. स्टॅट्सला पहिल्यांदा कमी मार्क पडले, नंतर बरे पडले. पुढे नोकरी कशी लागेल ते मला आत्ता सांगता येणार नाही, तिलाही नाही.

परवा मेसेज आला. डेझर्टेशनच्या डेटा कलेक्शनला लातूरला चाललेय, विषय तंबाखू-सुपारीचाच. खाली फोटो, प्लास्टिकच्या मोजपट्ट्यांचा गठ्ठा, सगळ्या एकाच मापाच्या, वीस नग. आणि खाली लिहिलंय, "बाबा विचारतायत, दातांचं काम परत चालू केलंस का. मी म्हटलं हो, तसंच काहीतरी."