कवितेला लगेच अर्थ विचारू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतच्या तीन कविता मिळाल्या. कवितेचा अभ्यास कोठून सुरू करावा, असे तू विचारले आहेस आणि पुष्कळ कवितांचा अर्थच लागत नाही, अशी खंतही व्यक्त केली आहेस. मला वाटते, तू पहिल्याच वाचनात कवितेकडे अर्थ मागतोस. त्याआधी ती दोन-तीनदा मोठ्याने वाच आणि कान कोठे थबकतो तेवढे टिपून ठेव.

कानाला वळण लागावे म्हणून लघु-गुरू, म्हणजे उच्चाराला आखूड आणि लांब अक्षरे, मोजायला शीक. लघु अक्षराची १ मात्रा, गुरूच्या २, आणि पुढच्या जोडाक्षराचा आघात आला तर आधीचे ऱ्हस्व अक्षरही गुरू होते. भुजंगप्रयात या वृत्तात लघु-गुरू-गुरू हा तीन अक्षरांचा 'य' गण चार वेळा येऊन चरणात १२ अक्षरे होतात. मोठ्या अभंगात मात्र लघु-गुरूंचा क्रम न पाहता ६, ६, ६ आणि ४ अशी अक्षरसंख्या सांभाळली जाते. तुला मुक्तछंदातच लिहायचे असले तरी हे शिकणे टाळू नकोस. मुक्तछंदाला लय नसते हा समज खोटा आहे. तेथे लयीचा बराचसा भार ओळ कोठे तोडली यावर येतो. 'तू गेलीस तेव्हा' ही एक ओळ आणि 'दार उघडेच होते' ही दुसरी, असे लिहिले तर ती केवळ माहिती होते. तेच शब्द 'तू गेलीस तेव्हा दार' येथे तोडून 'उघडेच होते' खालच्या ओळीत नेले, तर त्या दारापाशी वाचक क्षणभर थांबतो, ते बंद झाले असेल असे त्याला वाटून जाते आणि मग ते उघडे असल्याचे कळते.

यानंतर शब्दांकडे वळ. आवडलेल्या कवितेतला एखादा शब्द काढून त्याच्या जागी समानार्थी शब्द ठेवून पाहा. विश्लेषणाची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही. 'अंधार' आणि 'काळोख' हे दोन्ही शब्द गुरू-गुरू-लघु, ५ मात्रांचे आहेत, म्हणजे वृत्ताला दोन्ही सारखेच चालतात. तरीही 'काळोख' दाट आणि जवळचा वाटतो, तर 'अंधार' अधिक सर्वसाधारण. 'तिमिर' हा तीन लघूंचा शब्द आणला, तर वृत्त मोडतेच, शिवाय ओळ एकदम ग्रांथिक होते. कवीने अमुकच शब्द का ठेवला, याचे कारण शोधताना अर्थ आपोआप हाती लागू लागतो.

अलंकारांची नावे पाठ कर, पण त्यांत फार वेळ घालवू नकोस. उपमा ओळखली म्हणजे कविता कळली, असे होत नाही.

अधिक वेळ व्यंजनेला, म्हणजे न सांगता अर्थ सुचवण्याच्या शब्दांच्या शक्तीला दे. 'सूर्य मावळला' हे काव्यशास्त्रातले जुने उदाहरण आहे: वाक्याचा वाच्यार्थ, म्हणजे शब्दशः अर्थ, एकच, पण गुराख्याला ती गुरे परत नेण्याची सूचना असते, चोराला संधीची आणि वाट पाहणाऱ्या प्रेयसीला भेटीच्या वेळेची. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने अशा सूचित अर्थालाच, म्हणजे ध्वनीला, काव्याचा आत्मा म्हटले. पुढे मम्मट या काव्यशास्त्रकाराने रसाचे किंवा भावाचे थेट नाव घेणे हा रसदोष मानला, आणि हा विचार मला आजही नव्या कवीसाठी अतिशय मोलाचा वाटतो. करुण रस 'करुण' म्हटल्याने उभा राहत नाही. त्यासाठी प्रसंग, वस्तू, एखादी हालचाल, म्हणजेच विभाव (भावना जागवणारी कारणे) आणि अनुभाव (ती बाहेर दाखवणाऱ्या हालचाली) लागतात.

तुझ्या दुसऱ्या कवितेत हेच झाले आहे. रिकामी खुर्ची आणि तिच्या पाठीवर तसाच राहिलेला सदरा हे तू नेमके पाहिले आहेस, पण अखेरच्या दोन ओळींत 'दुःख' आणि 'एकटेपण' हे शब्द येतात आणि त्या सदऱ्याने जे सांगितले होते ते पुन्हा सांगून बसतात. त्या दोन ओळी गाळ, सदऱ्यावर कविता थांबव, मोठ्याने वाच, आणि ती अपुरी वाटली तर काय कमी पडते ते मला कळव. पहिल्या आणि तिसऱ्या कवितेविषयी त्यानंतर लिहीन.

तुझा शुभचिंतक