माउस हलेना, ड्रायव्हर मिळेना

प्रश्न : नौपाड्यात माझं डीटीपीचं छोटं काम आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल वगैरे. जुन्या पीसीचा मदरबोर्ड गेला. सॉफ्टवेअर, फॉन्ट, स्कॅनर सगळं विंडोज ७ वर चालणारं. म्हणून आठव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा सेकंडहँड लॅपटॉप घेतला आणि पेनड्राइव्हवरून ७ टाकायला बसले. यूएसबी माउस हलेना. लॅपटॉपच्या कीबोर्डने पुढे गेले, तर ‘सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर नाही’! लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, तो मेसेज फसवा आहे. खरा पत्ता नाही तो लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टच्या ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजला तो पोर्ट चालवायला शिकवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा. विंडोज ७ आलं २००९ मध्ये आणि यूएसबी ३ चा ड्रायव्हर विंडोजमध्येच मिळू लागला २०१२ च्या विंडोज ८ पासून. सुरुवातीला पेनड्राइव्ह वाचतो तो बायोस, म्हणजे मशीन सुरू होताच चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम. विंडोजने सूत्रं हातात घेतली की त्याला तोच पेनड्राइव्ह दिसेनासा होतो. आतला कीबोर्ड बहुधा यूएसबीच्या आधीच्या, पीएस/२ नावाच्या जुन्या पद्धतीने जोडलेला, म्हणून तेवढा चालला.

यूएसबीचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरच्या ७ मध्ये घुसवता येतो. मी वाशीला घरी हाच उद्योग करून अख्खा रविवार घालवलाय. विंडोज चढलं, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे मशीनच्या भागांच्या यादीत, ड्रायव्हर नसल्याच्या पिवळ्या खुणांची रांग. वाय-फाय नाही, आवाज नाही, ब्राइटनेस कमी होईना. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नसल्याने अक्षरं फुगलेली. त्यावर पत्रिकेची वेलबुट्टी काय जुळवणार? तुमच्या लॅपटॉपच्या ग्राफिक्ससाठी इंटेलने ७ चा ड्रायव्हर काढलेलाच नाही.

त्यापेक्षा लॅपटॉपवर नवं विंडोज राहू द्या आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये (खिडकीत दुसरा, बनावट पीसी चालवणारं सॉफ्टवेअर) ७ टाका. तिथे त्याला खरा लॅपटॉप दिसतच नाही. दिसतो तो त्याच्या ओळखीचा, साध्या भागांचा बनावट पीसी, त्यामुळे ड्रायव्हरची रड नाही. रॅम ८ जीबी असेल तर २ जीबी त्याला द्या. स्कॅनरही यूएसबीच्या मेनूतून आत सोपवता येतो, मग त्याचा जुना ड्रायव्हर तिथेच चालतो. आतल्या ७ ला इंटरनेट मात्र देऊ नका. त्याचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबलेत. फाइल शेअर्ड फोल्डरमधून, म्हणजे दोन्ही विंडोजना दिसणाऱ्या फोल्डरमधून घ्या. बिघडलेल्या पीसीची हार्डडिस्क भंगारात देऊ नका, फॉन्ट तिच्यातच आहेत.

सॉफ्टवेअरला डोंगल (लावल्याशिवाय ते चालत नाही अशी छोटी किल्ली) आहे का, ते लिहिलं नाहीत. यूएसबीचं असेल तर स्कॅनरसारखंच आत देता येईल. जुन्या प्रिंटर पोर्टचं, पंचवीस पिनांचं असेल, तर ते लावायला लॅपटॉपला जागाच नाही. मग सॉफ्टवेअरवाल्यालाच फोन करावा लागेल.